मेणातली आई

मित्रांनो, पंचवीस वर्षांची मेणाची वडी तुम्ही कधी पाहिली नसेल. ती मीच. अंगठ्याच्या पेराएवढी असेन, पण दिव्यात जळायला काही माझा जन्म झाला नाही. एका आईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली, तेव्हा तिचा कण तपासायला माझ्या पोटात बसवला. पुढं ती आई गेली आणि मी प्रयोगशाळेच्या लोखंडी खणात पडून राहिले. कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. दोनदा तर टाकून द्यायच्या यादीत माझा नंबर लागला होता. खोटं कशाला सांगू, फार राग आला होता.

मग एका दुपारी खण उघडला. त्या आईची लेक आता आईच्या वयाची झाली होती. तिच्या एका जनुकात बदल सापडला होता, पण तो घातक की साधा, हे कुणालाच सांगता येईना. जगभरच्या नोंदी चाळल्या, तर त्यांत तिच्या समाजातल्या लोकांच्या नोंदी अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. लेकीनं धास्तीनं दोन्ही स्तन आधीच काढून टाकायचं ठरवलं होतं. तारीखही ठरली होती. तोच बदल आईत होता का, एवढं कळलं तर डॉक्टरांना काही सांगता येणार होतं. आणि आई उरली होती ती फक्त माझ्यात.

तंत्रज्ञ बाईंनी मला यंत्रात बसवलं. वडी सपाट करायला पहिले काही काप वाया घालवायचे, ही त्यांची तीस वर्षांची सवय. चाक फिरलं, पातळ काप खालच्या ट्रेमध्ये पडले. मग त्यांनी वाकून पाहिलं आणि हात तिथंच थांबला. कण आधीच्या तपासण्यांत संपत आला होता. उरलासुरला त्या कापांतच गेला होता.

"काय करून बसले मी," त्या पुटपुटल्या.

मी तर भीतीनं वितळायचीच बाकी होते. नशीब, ट्रे त्यांनी नुकताच स्वच्छ केला होता, त्याच्यात दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं. चिमट्यानं एकेक काप उचलून त्यांनी नळीत भरला आणि झालेली चूक डॉक्टरांना स्वतः सांगितली.

शस्त्रक्रियेला तीन दिवस उरले असताना निकाल आला. आईत तो बदल नव्हता. डॉक्टर लेकीला म्हणाले, "आईचा आजार या बदलामुळे नव्हता. आता घाई नको, पण दरवर्षीची तपासणी चुकवायची नाही." तारीख रद्द झाली. लेकीनं आपलं रक्त आणि घरातल्या आजारांची माहिती नोंदींसाठी दिली.

मित्रांनो, जुने खण रिकामे करताना आत कोण आहे ते एकदा विचारत जा. माझ्यात आता नुसतं मेण आहे. लेक मला बघायला आली, तिनं मला तळहातावर घेतलं.

"यात आता आई नाही?"

"नाही," बाई म्हणाल्या. "होती तेवढी सगळी तुमच्यासाठी संपली."