उखा उस्तादाची फुंक

मित्रांनो, नंदुरबारला नथ्थू बँडवाल्याच्या ओसरीत खुंटीला एक पोचा पडलेला पितळी ट्रम्पेट दिसेल. तो मी. हिरवट पडलोय म्हणून नाक मुरडू नका. एकेकाळी माझा आवाज ऐकल्याशिवाय नवरदेवाची घोडी पाऊल उचलत नव्हती!

उखाने मला सुरतेच्या जुन्या बाजारातून आणले. उखा बँडचा उस्ताद. त्याचा धाकटा भाऊ नथ्थू ढोल बडवायचा, पण जीव सगळा माझ्यात. मी फार गर्विष्ठ होतो. ढोलाला मी खिजगणतीतही धरत नसे.

आमच्या बँडची एक रीत होती. उस्ताद वाजवता वाजवता थांबायचा आणि तेच गरम वाद्य, न पुसता, चेल्याच्या हाती द्यायचा. चेल्याने लगेच तोंड लावून सूर धरायचा. पुसले तर उस्तादाचा अपमान. एकदा असे वाद्य मिळाले की चेला उस्ताद झाला, हे सगळ्यांनी मानायचे. उखाने नथ्थूला अक्षय तृतीयेचे, म्हणजे आमच्या आखाजीचे वचन दिले होते, "येती आखाजीले ट्रम्पेट तुन्हा."

त्या हिवाळ्यात उखाला खोकला लागला. कोणाच्या लक्षात आले नाही, आणि येणार तरी कसे? आमची तालीम मिरच्या वाळवायच्या मैदानाशेजारी चाले. तिथे मिरच्यांच्या लालभडक पथाऱ्या पसरलेल्या, वारा सुटला की सगळा बँड ठसकायचा. "मिरचीना ठसका शे," उखा हसून म्हणायचा. सगळे हसायचे. मला मात्र हसू येईना. त्याची फुंक आधी माझ्यातूनच जायची ना! ती मध्येच तुटायची, आणि एकदा तिच्याबरोबर रक्त आले.

तो गुपचूप चिंचपाड्याच्या दवाखान्यात गेला. क्षय निघाला. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितले आणि बजावले, तोंडाचे वाद्य दुसऱ्याला देऊ नका. उखा म्हणाला, आखाजी होऊ द्या. घरी त्याने फक्त बायकोला, तापीबाईला सांगितले आणि तिला शपथ घातली. क्षयाच्या माणसाचा बँड लग्नात कोण बोलावणार? मग सगळ्यांनी खायचे काय? मित्रांनो, गावभर ऐकू जाणारा मी, पण एवढी एक गोष्ट मला कोणाला सांगता आली नाही. काय जळायचाय असला आवाज!

आखाजीला धानोऱ्यात लग्न होते. नथ्थू नवा सदरा घालून आला होता. त्याचे सासरेही मुद्दाम ऐकायला आले होते. वरात पारापाशी पोहोचली. उखा थांबला. नथ्थूने ढोल खाली ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे, भाऊ."

उखाने मला छातीशी धरले. "आज नही."

"आज नही तं कव्हय? तुले मन्हा मोठेपणा सहन व्हत नही!" नथ्थूने मला ओढले, थेट तोंडाकडे नेले. उखाने हिसका दिला आणि मला पाराच्या दगडावर आपटले. नथ्थू ढोल तिथेच टाकून चालू लागला. मला किती लागले म्हणून सांगू! पण त्याहून जास्त उखाचे तोंड बघवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तापीबाईने शपथ मोडली. ती नथ्थूच्या दारात जाऊन सगळे बोलली. नथ्थू धावतच आला, उखाच्या पायाशी बसला.

"भाऊ, तुनी माले सांगं का नही?"

"बँड मोडी जाता," उखा म्हणाला. "आते मोडनाच." आणि दोघेही रडले.

नथ्थूने त्याला आगगाडीने चिंचपाड्याला नेले. पण फार उशीर झाला होता. तापीबाईने मला उकळत्या पाण्यात घालून, राखेने घासून नथ्थूच्या हाती दिले. एका दुपारी दवाखान्याबाहेरच्या चिंचेखाली उभे राहून तो मला वाजवू लागला. उखा व्हरांड्यात उशीला टेकून ऐकत होता. आयुष्यभर मला वाजवले, पण मला नुसते बसून ऐकण्याची त्याची ही पहिलीच वेळ. तो मोठ्याने म्हणाला, "पोटमझारतीन फुंक, नथ्थू!" नथ्थूने पोटातून फुंकले. उखाने मान डोलावली. त्या पावसाळ्यात तो गेला.

पुढे नथ्थूने बँड उभा केला. लग्नाला निघण्याआधी तो प्रत्येक वाजवणाऱ्याच्या पाठीला कान लावायचा. कोणी म्हणाले, "मिरचीना ठसका शे," की तो वाद्य काढून घ्यायचा, "आधी डॉक्टरले दखाड, मंग वाजाड," म्हणायचा. लोक त्याला वेडा म्हणायचे. म्हणोत बापडे!

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी सांगणार नाही. पितळेचे काय, दहा पोचे पडले तरी चालते. पण तुमच्या घरात कोणी हसत हसत खोकत असेल, तर त्याच्या हसण्यावर जाऊ नका. त्याच्या पाठीला कान लावा.