कोळशाची पुरचुंडी

कृष्णकांतने कपाटाचं दार फटीएवढंच उघडलं आणि नाक आत घातलं. दार सताड उघडायचं नाही, वास उडून जातो, हा त्याचा रोजचा नेम. खांद्यावरची बॅगही अजून उतरवलेली नव्हती. आज बातमीच तशी होती.

"ऐक गं," तो म्हणाला, आणि थांबला.

वास नव्हता.

त्याने नाक शिंकरलं, डोळे मिटून पुन्हा श्वास ओढला. रंजिताच्या साड्या जागच्या जागी होत्या, पण त्यांना नुसत्या कापडाचा वास. खोबरेल नाही, बाम नाही, आणि सगळ्याच्या तळाशी असायची ती सुकटही नाही. उरणजवळच्या करंजा बंदरातल्या कोळ्याची पोर ती. पनवेलच्या फ्लॅटमध्ये आली तरी जवळा निवडणं काही सुटलं नाही. त्या वासावरून कृष्णकांतने संसारभर कटकट केली होती.

"तुमच्या कंपनीचा धूर चालतो, आनि माझी सुकट चालत नाय?" म्हणत ती पदराला हात पुसायची. मुद्दाम! ती गेली तेव्हापासून तो त्याच पदराच्या ओढीने संध्याकाळी घरी येत होता. नाहीतर घरात दुसरं होतं तरी काय?

आता त्याने दार सताड उघडलं. खालच्या खणात, साड्यांच्या घडीमागे, एक कापडी पुरचुंडी होती.

आतला कोळसा त्याचाच. तळोज्याच्या कारखान्यात तो नारळाच्या करवंट्यांचा कोळसा बनवायचा. शेगडीतला नव्हे, वाफेवर तापवून अंगभर बारीक छिद्रं पाडलेला, हवेतले वास नि वायू धरून ठेवणारा. उरलासुरला चुरा घरी आणला की रंजिता जुन्या परकराच्या पुरचुंड्या शिवायची. एक फ्रिजमध्ये, एक चपलांच्या कपाटात. ही तिसरी इथे कुणी ठेवली, हे त्याला विचारायचीही गरज नव्हती. मुलगी चार दिवस राहायला आली होती, आज दुपारीच पुण्याला परत गेली. ती घरात असताना त्याने कपाटाला हात लावला नव्हता. मुलीसमोर कसलं साडीत तोंड घालायचं!

तो पलंगाच्या कडेवर बसला. बॅग मांडीवर आली. तिच्यात घट्ट झाकणाच्या बरणीत आजचा नमुना होता. तोच करवंटीचा कोळसा, पण युरियाच्या पाण्यात मुरवून पुन्हा भाजलेला. बॉयलरच्या धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू साध्या कोळशाला नीट धरवत नाहीत. याने धरले. कितीतरी महिने हुलकावणी देणारं रीडिंग आज आलं होतं. बॉयलरवरचा बुधाजी मीटरकडे बघून हसला होता.

"साहेब, तुमचा कोलसा लय हावरा हाय. काय सोडीत नाय."

त्याच्या पाठीवर थाप मारताना कृष्णकांतला किती आनंद झाला होता! नमुना लॅबमध्ये ठेवायचा सोडून तो घरी घेऊन आला होता, तिला दाखवायला.

फोन वाजला. अंकिता होती.

"बाबा, पोचले मी. जेवलास?"

"जेवतो आता."

"आणि ऐक ना, आईचं कपाट उघडलंस का? केवढा कुबट वास मारत होतं. साड्या खराब झाल्या असत्या रे. मी तुझी ती कोळशाची पुडी टाकलीय. गेला का वास?"

कृष्णकांतने पुरचुंडीवरचे टाके अंगठ्याने चाचपले. एक टाका लांब, एक आखूड. रंजिताला सरळ शिवता कधीच आलं नाही.

"गेला," तो म्हणाला.

"बघ! तूच शिकवलंस. उद्या आठवणीने उन्हात घाल हं ती, म्हणजे परत वापरता येईल."

"घालतो."

"बाबा, आवाज असा का येतोय?"

"अगं, दमलोय थोडा. झोप तू."

फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात गेला. गॅसवर तवा चढवला, लायटर हातात घेतला. तापला की कोळसा धरलेलं सगळं सोडतो. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? एकदा येईल. खोबरेल, बाम, सुकट, सगळं येईल. मग खिडकीतून जाईल, आणि परत यायला साड्यांत काही उरलेलंच नाही. त्याला भीती वाटली. त्याने लायटर ठेवून दिला.

नंतर बॅगेतली बरणी काढून त्याने झाकण फिरवलं आणि आजचा नमुना वर्तमानपत्रावर ओतला. उघड्यावर पडलेला नमुना तपासणीला चालत नाही. न चालू दे. बॉयलर उद्याही पेटणारच आहे, दुसरा काढता येईल. बरणी त्याने कोरड्या फडक्याने पुसली, तिच्यात पुरचुंडी घातली आणि हात दुखेपर्यंत झाकण आवळलं.

कपाटात सगळ्यात मागे, जिथे ऊन पोचत नाही तिथे, त्याने ती साड्यांना टेकवून ठेवली. दार मात्र लगेच लावलं नाही.

"आज रीडिंग आलं गं," तो बरणीला म्हणाला.