पाय सुजल्याची पाटी

औषध तपासणी खात्यातल्या बाईंना भोचकपणाची जन्मजात खोड होती, आणि सरकारने त्याच खोडीचा पगार लावून दिला होता. ‘गुडघेदुखी आठवड्यात गायब’ असल्या पाट्या त्यांनी पोत्याने उतरवल्या होत्या. दुकानदार महाबिलंदर; पकडले की म्हणत, पाटी माझी नाही, पुतण्याची. म्हणून बाईंनीच नियमात घालून घेतलं होतं: पुराव्याशिवाय औषधाबद्दल कोणीही दावा करायचा नाही.

आज त्याच नियमावर बोट ठेवून एका टॉनिकवाल्याने तक्रार केली होती, तीही एका शिंप्याविरुद्ध. शिंप्याच्या दुकानावर पुठ्ठ्याची पाटी होती: ‘हे टॉनिक घेतल्यावर माझ्या आईचे पाय सुजले. घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.’

“पुरावा आहे का?” बाईंनी दुकानाशी येऊन विचारलं.

“आत बसलाय,” शिंपी म्हणाला.

आत म्हातारी स्टुलावर पाय ठेवून बसली होती. बाईंना राहवेना. त्यांनी नडगीवर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला.

“आजी, पण हे टॉनिकनेच झालं कशावरून?”

“ते मला काय ठाऊक? आधी टॉनिक घेतलं, मग पाय सुजले. खोटं असेल तर दंड कर. पण पाय माझे आहेत ना गं?”

 पाटी उतरवायचा साहेबांचा हुकूम होता; हुकूम तर हुकूम, म्हणून बाईंनी बाहेर येऊन पाटीच्या सुतळीला हात घातला. तेवढ्यात ब्लाउज शिवायला टाकायला आलेली एक गिऱ्हाईक बाई पाटी वाचून थबकली. तिने पिशवीतून तीच बाटली काढली आणि थेट आत जाऊन विचारलं, “आजी, तुम्ही दिवसातून कितीदा घेत होतात?”

म्हातारी सांगू लागली. बाईंनी सुतळीवरचा हात काढला. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, पण काडी आपणच लावली होती, हे त्यांना फार लागलं.

साहेबांचा फोन आला. “दावा उतरवला का?”

“साहेब, दावा करणारे काहीतरी विकत असतात. इथे एक आजी नुसते आपले पाय दाखवतेय.”

“नियमात ‘कोणीही’ लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय!”

“हो, मीच. आता मीच बदलून मागते. तोवर पाटी उतरवायची असेल, तर तुम्ही या.”

साहेब जे बोलले ते छापण्याजोगं नाही. बाईंनी फोन ठेवला, आत जाऊन दुसरं स्टूल ओढलं आणि म्हातारीला विचारलं, “मग? पुढे काय झालं?”