दोन पेन्सिल सेल

सुमनबाईने बेबाच्या घराचं मागचं दार पायानेच ढकललं. हात हळदीने बरबटलेले होते. चुलीवरची डाळ जळून कोळसा झाली होती आणि तिथेच भिंतीला टेकून बेबा तळहाताएवढ्या त्या डबड्याची बटणं दाबत होती. टुक टुक टुक. डबड्याच्या काचेत वरून विटा पडत होत्या, ही रचत होती. घर पेटलं असतं तरी बाईची मान वर झाली नसती!

"बेबा, डाळ जळनी!"

"हूं."

सुमनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्खी धाकटी बहीण. दोघी पारोळ्याजवळच्या या गावात, एकाच गल्लीत दिलेल्या. तीन महिन्यांपूर्वी बेबाचा नवरा गेला. तिचा पोरगा बापाचं तेरावं उरकून सुरतेला कामावर परतला आणि जाताना आईला करमावं म्हणून धुळ्याच्या बाजारात नव्यानेच आलेला हा विटांचा गेम देऊन गेला. दुसरं काही सुचलं नाही त्या शहाण्याला! तेव्हापासून बेबाला ना जेवणाची शुद्ध, ना अंघोळीची. आज सुमनबाईच्या लेकीला हळद, आणि उष्टी हळद घेऊन आलेल्या विहिणीने भर मांडवात विचारलं होतं, "नवरीनी मावशी पोरेसना खेळनाशी खेळस म्हने?"

"लाज नही वाटस तुले? मना घरमा लगीन शे, अन् तू मनं नाक कापी राह्यनी!" सुमनबाई कडाडली.

टुक टुक टुक.

सुमनबाईने डबडं हिसकावलं, झाकण नखाने उचकटलं आणि दोन्ही सेल काढून मुठीत धरले. गेम बंद पडला. आता ही अंगावर येणार, असं तिला वाटलं. बेबाने तसलं काही केलं नाही. तिचे रिकामे अंगठे मात्र हलतच होते.

"अक्का, तेरा दिन बठ्ठी गल्ली दारवर उनी. मंग कोन उनं?"

तेराव्यानंतर बेबाच्या दारात कोणीच फिरकलं नव्हतं, हे सुमनबाईला ठाऊक होतं.

"तू बी नही उनी. चार घर सोडीसन ऱ्हास तू."

"मना घरमा लगीन..."

लग्नघरच्या बाईने नव्या विधवेचा उंबरा ओलांडू नये, असं गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं आणि हिने मुकाट ऐकलं. हळदीचं बोलावणंसुद्धा धाडलं नाही. आज आली तीही भांडायला, कोणी पाहू नये म्हणून मागच्या दाराने. तिला विहिणीचा राग आला, म्हाताऱ्यांचा आला आणि स्वतःचा तर सगळ्यांहून जास्त.

"मी बटन दाबस तं ते बोलस तरी," बेबा म्हणाली. "लई जाय तू ते सेल तुना घर. पन मंग जराशी मना जोडे बस."

तिने आपल्या शेजारी पाट सरकवला.

गल्लीतून हाक आली, "सुमनबाई वं! कथी गयी? नवरी पाटवर बसनी!"

सुमनबाई जागची हलली नाही. पदराने तिने डोळे पुसले. मग खाली वाकली आणि सेल परत डबड्यात घालू लागली. हळदीच्या बोटांतून एक निसटला आणि उलटाच बसला.

बेबाने डबडं तिच्या हातातून घेतलं, सेल सुलटा केला, झाकण लावलं.

"जाय, अक्का," ती म्हणाली. "पोर वाट दखी राह्यनी व्हई. मी खेळस."