तोवर जरा धरा

आमच्या पुलाखाली निवारा केंद्राचं दार आलं. केंद्र आलं नाही. सकाळी उठून पाहिलं तर चौकटीसकट एक हिरवं दार उभं होतं, कशालाही न टेकता. मी ते उघडलं. पलीकडे पूलच होता, आणि गोधडीत बसलेली माझी अक्का माझ्याकडे बघत होती.

"ये की आत," ती म्हणाली. "पाय पुसून ये."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सोजर. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरनं सांगितलं होतं, छाती पार पोखरली आहे, घरी न्या, कोरड्या जागेत ठेवा. मी विचारलं, घर नसेल तर? तो म्हणाला, मग महापालिकेचं निवारा केंद्र असतंच की. सूर्य असतोच की, अशा सुरात म्हणाला. पुलाच्या सांध्यातून आमच्यावर बारा महिने पाणी ठिबकतं. अक्का आडवी झाली की खोकल्यानं जीव घाबरा होतो, म्हणून ती बसूनच झोपते. तिनं एकदा अंग पसरून झोपावं, एवढंच मला हवं होतं.

दारापाठोपाठ छप्पर आलं. ते आमच्या डोक्यावर तरंगत राहिलं. त्याची सावली मात्र समोरच्या चपलांच्या दुकानावर पडायची, कारण आमचा फुटपाथ दुसऱ्या प्रभागात मोडत होता. पाणी त्यातून आरपार ठिबकायचं. मग एक लोखंडी खाट आली. मग चार भिंती आल्या आणि एकीवर एक आडव्या पडून राहिल्या.

वस्तूंमागोमाग साहेब आले. ज्याच्या विभागानं जे पाठवलं तेवढंच त्याला दिसायचं. छपराचे साहेब वर बघत आले आणि दारावर आपटले. त्यांना दार दिसत नव्हतं. दाराचे साहेब दाराला हात लावून खूश झाले आणि खाटेला अडखळून पडले.

"आणि आम्ही कुणाला दिसतो?" आमच्या शेजारी झोपणाऱ्या शकीलनं विचारलं.

साहेब त्याला धडकून पुढे गेले. त्यांना तो दिसत नव्हता.

शेवटी समन्वयक साहेब आले. सगळ्या विभागांना एकत्र आणायचं काम त्यांचं. त्यांना सगळं दिसायचं, पण फक्त बैठक चालू असताना. म्हणून त्यांनी खुर्ची मागवली, चहा मागवला, बैठक सुरू झाली असं जाहीर केलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"अरे वा, तुम्ही बरेच जण आहात," ते म्हणाले.

"साहेब, हे उभं कधी राहणार?" मी विचारलं. "माझी बहीण आजारी आहे."

"निधी मंजूर आहे. भिंतींचा आला, छपराचा आला. पायाचा अजून वर्ग व्हायचा आहे. अडचण अशी, की मार्चअखेर सगळं उभं दिसलं नाही तर आलेलंही परत जातं."

ते असं म्हणाले आणि खाटेनं एक पाय जमिनीवरून उचलला.

"मग काय करायचं?"

"पाया येईपर्यंत तुम्ही जरा धरा."

इथं आमची चूक झाली. मी, शकील, लिंबाजी आणि त्याची बायको पमाबाई, आम्ही चौघंही वरातीत डोक्यावर दिव्यांची झाडं धरणारी माणसं. नवरदेवाचे मित्र नाचून नाचून घामाघूम होतात, तोवर आम्ही न हलता उभे. धरा म्हटलं की आमचे हात आपोआप वर जातात. कशासाठी, किती वेळ, हे विचारायची आम्हाला सवयच नाही.

पहिली भिंत आम्ही पुलाच्या खांबाला टेकवून पाहिली. खांब दुसऱ्या खात्याचा होता. भिंत लागताच तो हातभर मागे सरकला. मग ती शकीलनं पाठीवर घेतली. दोन बाजूंच्या लिंबाजीनं आणि पमाबाईनं घेतल्या. दाराजवळची मी घेतली. चौघं बाहेर तोंड करून उभे राहिलो, पाठीला भिंत, हात मागे पसरलेले. छप्पर खाली उतरलं आणि वर बसलं. बसताच त्याला वजन आलं.

भिंत घेण्याआधी मी अक्काला उचलून आत खाटेवर निजवलं होतं. ती सुपाएवढी हलकी लागली.

"कसं आहे गं आत?" मी मान न वळवता विचारलं. मान वळत नव्हती.

"कोरडं आहे," भिंतीतून आवाज आला. "पाय लांब केले बघ. टोकाला पोचतच नाहीत."

आणि ती झोपली. तिचा श्वास मला पाठीत लागत होता, संथ, मोठा. कित्येक महिन्यांत तसा ऐकला नव्हता. मी मनात म्हटलं, पाया आला नाही तरी चालेल.

समन्वयक साहेबांनी दाराला कुलूप लावलं.

"आत माणूस आहे," मी म्हणालो.

"उद्घाटनाआधी वापर करता येत नाही."

"पण ती आत आहे."

"म्हणूनच कुलूप लावलं. कुणी वापर करू नये."

मग सुधारित अंदाजपत्रक आलं. एक माणूस भोंगा घेऊन समोर उभा राहिला आणि म्हणाला, निधीत कपात झाली आहे, सगळ्यांनी एक पाऊल मागे घ्या. आम्ही घेतलं. वरातीत पण असंच असतं, मागे म्हटलं की मागे. चार भिंती एकेक पाऊल आत गेल्या. छप्परही तेवढंच आक्रसलं, नीट, शिवल्यासारखं.

"भिवा," अक्का म्हणाली, "पाय टोकाला लागले."

"थोडंच कमी झालंय गं."

कपात पुन्हा झाली. छपराच्या विभागानं भिंतींना विचारून केली नव्हती, भिंतींनी दाराला विचारून केली नव्हती. ज्यानं त्यानं आपापली केली आणि प्रत्येक वेळी भोंगेवाला आला. मी एकदा मागे सरकलो नाही. तेव्हा भिंतच मला घेऊन सरकली.

"आता गुडघे दुमडलेत बरं का," अक्का म्हणाली. मग म्हणाली, "तू ढकलतोयस का रे मेल्या?"

"मी धरलंय, अक्का."

"ढकलणाराही तसंच म्हणतो."

रंगारी आले. त्यांना भिंतींचा रंग दिला होता आणि हिशेबात आम्हालाही भिंतीतच धरलं होतं. पमाबाईपासून सुरुवात केली. कपाळापासून खाली फिकट पिवळा.

"अहो, हिचे डोळे तरी सोडा," लिंबाजी ओरडला.

"खिडक्यांना वेगळा रंग आहे," रंगारी म्हणाला आणि तिचे डोळे निळे रंगवले.

"मी कशी दिसतेय हो?" पमाबाईनं विचारलं.

"लग्नात दिसलीस तशी," लिंबाजी म्हणाला. तो दुसऱ्या बाजूला उभा होता, त्याला ती दिसत नव्हती. त्यानंतर रंग तिच्या ओठांवर आला.

शकीलच्या छातीवर 'आपुलकीचे घर' असं लिहिलं. तो हसला तेव्हा 'आपुलकी' हलली. रंगाऱ्यानं त्याला दटावलं आणि दुसरा हात मारला. मग तो हसला नाही. माझ्या अंगावर अजून ओला रंग होता, कारण माझी भिंत शेवटची. माझ्या पाठीला काहीच लागत नव्हतं, थंड नाही, खरखरीत नाही. पाठ कुठं संपते ते मला सापडेना.

उद्घाटनाला मांडव पडला. पहिल्या रांगेत सगळ्या विभागांचे साहेब बसले. सगळे बाजूच्या माणसाला न बघता समोर आपापलं बघत होते आणि खूश होते. एक साहेब भाषणात म्हणाले, या शहरात आता एकही माणूस उघड्यावर झोपणार नाही. ते खरं होतं. आम्ही उभे होतो.

लाल फीत आणली. एक टोक दाराच्या कडीला बांधलं. दुसरं टोक बांधायला खिळा नव्हता, खिळ्याची तरतूद राहून गेली होती. समन्वयक साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते टोक माझ्या अंगठ्याला बांधलं.

"जरा धरा," ते म्हणाले.

तेवढ्यात भोंगेवाला आला. शेवटची कपात होती. आम्ही मागे गेलो.

माझ्या पाठीत काहीतरी टोचलं. अक्काचा गुडघा होता. तो भिंतीतून नाही, थेट माझ्या मणक्यात लागला. तिचा खोकला माझ्या फासळ्यांत वाजला. ती आता बसलेलीही नव्हती, उकिडवी होती. पुलाखाली निदान बसून झोपायची.

"भिवा," ती हळू म्हणाली. "धरलंयस?"

"धरलंय."

"मग सोड."

"छप्पर पडेल गं."

"पडू दे की. आत मी आहे, तुझे साहेब नाहीत."

पुढे फोटोवाला म्हणाला, "सगळ्यांनी इकडे बघा." समन्वयक साहेबांनी कात्री उघडली. मी उजवा हात भिंतीवरून काढला. काही झालं नाही. डावा काढला. भिंत तशीच उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा माझे दोन्ही हात रिकामे होते आणि कुणी धरा म्हणत नव्हतं.

मी एक पाऊल पुढे टाकलं. भिंत माझ्याबरोबर आली.

अक्काचा गुडघा मणक्यातून सुटला. मागे लिंबाजीच्या बाजूनं पाऊल टाकल्याचा करकर आवाज झाला, मग पमाबाईच्या, मग शकीलच्या. फीत सैल होऊन जमिनीला लागली. साहेबांच्या कात्रीत काहीच नव्हतं.

"मागे," भोंगेवाला म्हणाला. "मागे घ्या."

मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. पहिली रांग खुर्च्यांसकट मागे सरकली. आता सगळ्यांना सगळं दिसत होतं. ते आमच्याकडे बघत होते, मग एकदम आमच्या वर, छपराकडे बघायला लागले.

"भिवा," अक्का म्हणाली, "पाय लांब करतेय."

छप्पर आता कशावर टेकलं आहे ते बघायला मी मान वळवली. मान वळली नाही. मी तिसरं पाऊल उचललं.