सातच्या पाढ्याची नक्कल

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही सातवीत आहात आणि आज तुमच्या शाळेत स्वयंशासन दिन आहे. म्हणजे आज शिकवायचं तुम्ही, आणि गुरुजी-मॅडमनी बाकांवर बसायचं. आईची साडी पिना टोचून टोचून अंगावर बसवलीय, तरी ती कुठून तरी सुटेल असं सारखं वाटतंय. एका जागी उभं राहवत नाही. पण ते काही साडीमुळे नाही.

आलं ना डोळ्यांसमोर? मग आता तुम्ही इंद्रायणीच्या जागी उभे आहात. तिला असं का होत होतं, ते सांगतो.

तिची शाळा चाकणजवळच्या एका गावात आहे. शाळेच्या एका अंगाला कांद्याची वावरं आणि दुसऱ्या अंगाला कंपन्यांच्या लांबलचक शेड. व्हरांड्यात मुलांनी शिक्षक दिनासाठी एक तक्ता लावला होता, 'आधी शिक्षक, मग प्रसिद्ध'. राष्ट्रपतिपदापर्यंत पोचलेले एक प्राध्यापक त्यात होते, मुलींसाठी शाळा काढणाऱ्या एक बाई होत्या. आणि सगळ्यांत मोठा फोटो होता टेमगिरे सरांचा. का, तर टेमगिरे सर ह्याच शाळेत शिकवायचे. पुढे त्यांनी नोकरी सोडली, टीव्हीवर गेले, आणि लोकांना हसवून हसवून घराघरांत पोचले.

त्यांची एक नक्कल गावात लहानथोरांना पाठ होती. त्यात एक मास्तर असतो आणि एक बाळ्या. मास्तर बाळ्याला सातचा पाढा विचारतो. बाळ्या "सा... सा..." करत अडकतो. दोन बोटांनी मांडीवर ताल धरतो, मान पुढे काढतो, तरी शब्द निघत नाही. मग मास्तर वर्गाकडे वळून ओरडतो, "गाडी चालू होईना! धक्का मारा रे!" की लोक हसून हसून आडवे. चौकात ट्रॅफिक तुंबली की रिक्षावालेसुद्धा हेच ओरडायचे.

शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच टेमगिरे सर पाहुणे म्हणून येणार होते. तेव्हा योगिनी मॅडमनी ठरवलं, त्यांची नक्कल त्यांच्यासमोरच करून दाखवायची. ओम मास्तर आणि इंद्रायणी बाळ्या. इंद्रायणीचा बाळ्या इतका हुबेहूब व्हायचा, की तालमीत मॅडमनाच हसून हसून उचकी लागली होती.

आदल्या संध्याकाळी ती घरी ओट्यावर सराव करत होती. आजी, म्हणजे गवराबाई, लसूण सोलत बसली होती. इंद्रायणीने मांडीवर दोन बोटं वाजवली, मान पुढे काढली, "सा... सा... सा..."

आजीचा हात थांबला.

"ह्ये तर आमच्या सुजितचं गं."

"काय पप्पांचं?"

"समदंच. बोटं, मान, समदं. ल्हानपनी असाच अडकायचा. आताबी अडकतोय की. तुला दिसत न्हाई व्हय?"

इंद्रायणीला दिसत होतं. रोजच दिसत होतं. म्हणूनच तिला ते कधी वेगळं वाटलं नव्हतं. पप्पा 'स'वर थांबतात, मांडीवर दोन बोटं वाजवतात आणि मग बोलतात. कुणाचे पप्पा तंबाखू मळतात, तसं ते. आणि बाळ्याचं बघून ती हसत होती, तेव्हा तिने ते पप्पांशी जोडलंच नव्हतं.

तेवढ्यात पप्पा घरी आले. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र.

"थांबलीस का? कर की. बघू."

"नको, पप्पा."

"कर गं!"

तिने केलं. कसंबसं. पप्पा मोठ्याने हसले आणि म्हणाले, "चुकतंय तुझं. आधी बोटं, मग तोंड. तू द-दोन्ही एकदम करतीस." आणि त्यांनी स्वतः करून दाखवलं.

इंद्रायणीला ते बघवेना. "पप्पा, तो बाळ्या म्हणजे तुम्ही?"

"मग! माझ्यामुळंच टीव्हीवर गेले स... सर, असं म्हण की." ते पुन्हा हसले. पण बूट काढायला खाली बसले ते बराच वेळ नाडीच सोडत राहिले. मग खाली बघूनच बोलू लागले. "ही बोटं त्यांनीच शिकवलेली. शाळा सुटली की मला थांबवून घ्यायचे. म्हणायचे, ताल धर, शब्द येतो. पोरं मधेच माझा शब्द पुरा करायला लागली, की त्यांच्यावर डोळे वटारायचे. मला म्हणायचे, तुझं चालू दे, मला घाई न्हाई. अंधार पडोस्तोवर बसायचे, पोरी. आई घ्यायला यायची."

"व्हय," आजी म्हणाली. "लई भला मास्तर. आन् मंग टीव्हीवर ह्ये असलं दाखवलं."

"आई, ते त्यांचं काम हाय."

"आसंल."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?" इंद्रायणीने विचारलं.

पप्पांनी बूट भिंतीला लावून ठेवले. "उद्या मी येणार हाय शाळेत. रजा टाकलीय. सर ओळखत्यात का बघू. तू मस्त कर. स... सर खूश होतील."

इंद्रायणीला जेवण गेलं नाही. इतका चांगला मास्तर असं का करेल? आणि केलंच, तर तो चांगला कसा? एक बाजू धरली की दुसरी निसटायची. पण एक गोष्ट अगदी स्पष्ट होती. उद्या सगळी शाळा पप्पांच्या अडकण्यावर हसणार, पप्पा मागे उभे राहून ते बघणार, आणि हसवणार कोण, तर ती.

सकाळी भिवाकाका नेहमीसारखे दारात मोटारसायकल घेऊन आले. कंपनीत दोघं बरोबर जायचे.

"चला, सुजितभाऊ!"

"आज मी न्हाई. आज स... स..." पप्पांची बोटं मांडीवर वाजू लागली.

"गाडी चालू होईना! धक्का मारू का, भाऊ?" भिवाकाका खदाखदा हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. रोजच म्हणायचे.

"...सुट्टी," पप्पा म्हणाले आणि तेही हसले. पण 'सुट्टी' ऐकायला भिवाकाका थांबले नव्हते. त्यांनी किक मारलीसुद्धा.

शाळेत पोचल्या पोचल्या इंद्रायणीने योगिनी मॅडमना गाठलं.

"मॅडम, नक्कल नको. गाणं म्हणते मी."

"अगं बाई, आता? पाहुणे तळेगावच्या पुढं आलेत. मी त्यांना सांगून बसलेय. काय झालं तुला?"

काय सांगणार? कारण सांगायचं तर पप्पांचं सांगावं लागणार, आणि ते सांगायला पप्पांनी कुठे परवानगी दिली होती? ती नुसतीच पदर आवळत राहिली.

"भीती वाटते का? काही नाही होत. जा, पाणी पी."

ती पाणी प्यायली. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. तक्त्यातले टेमगिरे सर हसत होते. ती परत फिरली, पुन्हा त्या टोकाला गेली. मग तिने ओमला गाठलं. तो कोळशाने मिशा काढत होता.

"ओम, मास्तर मी होते. तू बाळ्या हो."

"का? घाबरली काय?"

"सगळे हशे बाळ्यालाच मिळतात. तुला नकोत?"

ओमने क्षणभर विचार केला आणि शर्टाच्या बाहीने मिशा पुसून टाकल्या. "पण वाक्यं पाठ आहेत ना तुला मास्तरची? धक्क्याचं वाक्य जोरात म्हण, बरं का. तू बारीक आवाजात बोलतेस."

"पाठ आहेत," ती म्हणाली. ते खरं होतं. म्हणेन, असं मात्र ती म्हणाली नव्हती. काय करायचं ते तिचं तिलाच अजून माहीत नव्हतं.

मांडवात दाटी झाली होती. टेमगिरे सर पहिल्या रांगेत बसले होते. फोटोतल्यापेक्षा बारीक आणि केस पांढरे. लोक मोबाइल उंचावून त्यांचं शूटिंग करत होते. इंद्रायणीने मागे पाहिलं. पप्पा खांबाला टेकून उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाण्याने बसवलेला. सरांनी त्यांच्याकडे अजून वळून पाहिलं नव्हतं.

नक्कल सुरू झाली.

"बाळ्या, ऊठ. सातचा पाढा म्हण."

ओम उठला. बोटं मांडीवर, मान पुढे. "सा... सा..."

मांडव फुटला. सरसुद्धा टाळी देऊन हसले. ओमला चेव आला, "सा... सा... सा..." आता मास्तरने वळायचं होतं, ओरडायचं होतं. सगळी पोरं तिच्याकडे बघू लागली. काही पुढे सरकून बसली.

इंद्रायणी वळली नाही. ओमकडेच बघत राहिली.

"म्हण ना!" ओम ओठ न हलवता कुजबुजला. पडद्याआडून योगिनी मॅडमचा हात हलत होता. मागून एक पोरगा ओरडला, "धक्का मारा रे!" आणि मग सगळ्या मांडवाने ते उचललं, "धक्का मारा रे! धक्का मारा रे!"

तेव्हा ती वळली. साडीची खांद्यावरची एक पिन सुटली होती, ती तिने तशीच राहू दिली. आज आपण शिक्षक आहोत, हे तिला त्याच क्षणी आठवलं असावं.

"शांत बसा," ती म्हणाली. आवाज बारीकच होता. "तो बोलतोय."

पुढच्या रांगा गप्प झाल्या. मागच्या हळूहळू. कुणीतरी फिदफिदलं. ते टेमगिरे सरांच्या शेजारचे सरपंच होते. सरांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू अजून तसंच राहून गेलं होतं.

"पाहुण्यांनीसुद्धा," इंद्रायणी म्हणाली.

सरांचं हसू गेलं. ते तिच्याकडे बघत राहिले. मग खुर्चीत हळूच वळून त्यांनी मागे, माणसांच्या डोक्यांवरून, कुणाला तरी शोधायला सुरुवात केली.

इंद्रायणीने ते पाहिलं नाही. तिने मास्तरची खुर्ची ओढत ओमसमोर आणली, तिच्यावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि त्याला म्हणाली, "तुझं चालू दे. मला घाई नाही."