तपासणी

देवपुरातल्या घराच्या गच्चीवर द्रौपदाबाई आणि रत्ना सकाळपासून ज्वारीच्या पिठाचे बिबडे घालत होत्या. रत्नाचा साखरपुडा तोंडावर आला होता. त्यासाठीच ती सुटीवर आलेली. परराज्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत ती रसायनशास्त्रज्ञ होती. युरेनियम ज्या ग्राफाइटच्या मुशीत वितळवतात, त्या मुशीलाच तो तापलेला धातू खातो. म्हणून मुशीला आतून लावायचा लेप ती शोधत होती. त्याच भट्टीवर जळगावचा राकेश तिच्यासोबत काम करी. लेप पहिल्यांदा तडा न जाता टिकला, त्या दिवशीच त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं.

"रत्ना, मना गुडघा लई दुखी ऱ्हायनात. चाल ना मनासंगे दवाखानामा," द्रौपदाबाई म्हणाल्या.

रत्नाने पिठाचे हात धुतले आणि रिक्षा बोलावली.

दवाखाना बायकांच्या आजारांचा होता. पाटी वाचून रत्ना थबकली. आत बाकावर राकेशची आई, प्रमिलाबाई, बसल्या होत्या. राकेश खिडकीपाशी उभा होता.

"ये गं," प्रमिलाबाई गोडव्याने म्हणाल्या. "फार काही नाही. सोनोग्राफी आणि रक्त. असल्या किरणांत काम करणाऱ्या बायकांना मूल होत नाही म्हणतात. एकदा कागद हातात आला की माझी शंका मिटली. तुझ्या आबांना विचारूनच ठरवलंय."

रत्नाने आईकडे पाहिलं. द्रौपदाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"गुडघे दुखत नाहीत ना तुझे?"

रत्ना राकेशकडे वळली.

"तुला माहीत होतं?"

"आईचं समाधान होईल गं. पाच मिनिटांचं काम आहे."

"आपण दोघं एकाच भट्टीपाशी उभे असतो, राकेश. छातीवर किरणं मोजणारा बिल्ला तुझ्याही असतो, माझ्याही. दोघांचेही बिल्ले तपासून येतात, कधी काही निघालंय? सांगितलंस हे आईला?"

"तिला नाही कळत ते."

"तुला तर कळतं! मग तुझी तपासणी कधी?"

"माझी कशाला?" तो पटकन बोलून गेला, आणि बोलल्यावर त्याची नजर खाली गेली.

रत्नाला त्या घटकेला राग आला नाही. मनच विटलं. अडाणीपणाशी भांडता येतं. पण ज्याच्याबरोबर आपण आकडे ताडून पाहिले, तो सगळं ठाऊक असून गप्प बसला, त्याला काय म्हणायचं?

"तपासणी होणार नाही. लग्नही नाही," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी आबांनी, रत्नाच्या वडिलांनी गिरधरभाऊंनी, आवाज चढवला. "एक तपासणी केली असती तर काय बिघडलं असतं? नातेवाइकांत तोंड कुठं दाखवू? आता माफी मागतो, उद्याची वेळ घेतो." त्यांनी फोन लावला.

रत्ना आतल्या खोलीत बॅग भरत होती. द्रौपदाबाई दारात आल्या.

"लगीननंतर तीन वरीस माले पोर नई व्हयनं," त्या हळूच म्हणाल्या. "तुनी आजीनी माले किती दवाखानामा फिरवं. उघडी करीसन तपासं. तुना बाले कोनी एक शबुद इचारा नई."

"हे सगळं सोसलंस, आई. तरी खोटं बोलून मला तिथे नेलंस?"

बाहेर आबा "हो, प्रमिलाताई, चूक झाली आमची" म्हणत होते. द्रौपदाबाई तशाच वळल्या आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याच्या हातातून त्यांनी फोन ओढून घेतला.

"आमनी पोर येवाव नई," त्या म्हणाल्या. "तुमना पोऱ्याले तपासी ल्या."

रत्नाने ते ऐकलं. तिचे डोळे भरून आले. पण बॅग भरणारा हात थांबला नाही.